ऊसतोडीला गेलं म्हणजे गाव सोडलं का?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात, ती म्हणजे मतदार यादीतलं नाव. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवलं. त्यातली बरीच वर्षं गावाची बीएलओ होते, म्हणजे घरोघर फिरून मतदार यादी तपासणारी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणूनही बसले. त्यामुळे कायदा सांगताना डोळ्यांपुढे माणसंच येतात. पत्र लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : बाई, आम्ही नवरा-बायको दरसाल दसऱ्यानंतर कारखान्याला जातो. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतो. औंदा गावातला एक जण म्हणतो, तुम्ही सहा-सहा महिने गावात नसता, तुमची नावं यादीतून काढायला अर्ज देतो. त्याला तसं करता येतं का? का कारखान्यावरच नाव लावून घ्यावं? माझा थोरला भाऊ आठ वर्षांपासून बायका-पोरांसह पुण्यात राहतो, त्याचं नाव मात्र कुणी काढत नाही.
— एक ऊसतोड कामगार, ता. धारूर, जि. बीड

दादा, तुमचं नाव तुमच्या गावातच राहणार. तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० या कायद्यानं मतदार यादी बनते. माणूस जिथं ‘सर्वसाधारणपणे राहतो’ तिथं त्याचं नाव लागतं. आणि याच कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की, तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं राहतं ठिकाण बदलत नाही. तुम्ही उचल घेऊन जाता, मुकादमाच्या टोळीबरोबर फडावर कोपी घालून राहता आणि हंगाम संपला की बिऱ्हाड घेऊन गावी येता. तुमचं रेशनकार्ड गावात, म्हातारे आई-वडील गावात, लेकरं गावच्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात. याला गाव सोडणं म्हणत नाहीत. कारखान्यावर नाव लावायच्या फंदात पडू नका. पुढच्या साली मुकादम बदलला की तुम्ही कोल्हापूर सोडून कर्नाटकात असाल आणि नाव अडकेल भलतीकडेच. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं तर कायद्यालाच मान्य नाही.

आता तो गावातला माणूस. नावाला हरकत घ्यायची तर नमुना ७ चा अर्ज असतो. तो मतदारसंघातल्या कुणाही मतदाराला देता येतो, त्यामुळे तो देईलही. पण अर्ज दिला म्हणून नाव जात नाही. ‘हा इथं राहत नाही’ एवढ्या कारणावर नाव काढायचं असेल, तर आधी तुम्हाला नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आणि त्यानं अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल, तर कलम ३१ खाली त्यालाच वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे त्याला चार माणसांसमोर सांगा.

खरी अडचण नोटिशीतच आहे, आणि ती मला फार जवळून माहीत आहे. बीएलओ झाले त्या पहिल्याच वर्षी डिसेंबरात यादी तपासायला वस्तीवर गेले. सात घरांना कुलपं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, “कारखान्याला गेलेत.” मी नवखी होते. वरून सूचना आली, कुलूप असेल तिथं ‘स्थलांतरित’ लिहा, आणि मी लिहिलं. मग नोटिसा निघाल्या. घरात घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून शिपायानं त्या घडी करून दाराच्या कडीत खोचल्या. कागदोपत्री सगळं नियमानं झालं. चैत्रात ती माणसं परतली तेव्हा कडीतला कागद उन्हानं पिवळा पडला होता आणि यादीतली नावं गेलेली होती. पुढच्या मतदानाला त्यातली एक बाई हातात फोटोचं ओळखपत्र घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. कार्ड खरं, माणूस खरा, यादीत नाव नाही. तिला परत पाठवावं लागलं. त्यानंतर कुलूप दिसलं म्हणून मी ‘स्थलांतरित’ कधीच लिहिलं नाही. आधी शाळेची हजेरी बघायची, लेकरं वसतिगृहात आहेत का विचारायची, रेशन दुकानदाराला विचारायची, मगच पेन उघडायची.

म्हणून तुम्ही निघण्याआधी एवढं करा. बीएलओला भेटून सांगा की आम्ही हंगामापुरते जातोय, आणि तुमचा फोन नंबर द्या. गावात मागं राहणाऱ्या एखाद्या शहाण्या माणसाला सांगून ठेवा की दाराला कागद लागला तर फोटो काढून पाठव. यादी आता मोबाइलवर दिसते, महिन्यातून एकदा नाव बघत जा. नाव काढल्याचा निकाल आलाच, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथंही न्याय मिळाला नाही तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस उलटला की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. मग कलेक्टरसाहेबांनाही नाव घालता येत नाही की काढता येत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून काहीही हाती लागत नाही.

आता तुमच्या भावाबद्दल. ते बायका-पोरांसह आठ वर्षं पुण्यात राहतात, लेकरं तिथल्या शाळेत, कामधंदा तिथं. कायद्यानं त्यांचं नाव पुण्यातच हवं. गावात वडिलोपार्जित घर आहे एवढ्या कारणावर माणूस गावचा रहिवासी ठरत नाही, हेही त्याच विसाव्या कलमात आहे. त्यांनी नमुना ८ भरून नाव पुण्याला न्यावं. सणाला गावी येऊन मतदान करायची हौस मी समजू शकते, पण त्यांच्या नळाचा, कचऱ्याचा, पोरांच्या शाळेचा प्रश्न पुण्यात सुटायचा आहे.

आणि मतदानाला येण्याबद्दल. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१, कलम १३५ ब. पण न देणाऱ्या मालकाला दंड आहे जास्तीत जास्त पाचशे रुपये, आणि टनावर पैसे मिळणाऱ्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, ही सुट्टी कोण मोजून देणार? सैनिकाला टपालानं मत देता येतं, ऊसतोड कामगाराला येत नाही. जोडप्याला चारशे किलोमीटर येऊन-जाऊन दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. हे बदललं पाहिजे असं मी प्रत्येक प्रशिक्षणात बोलले आहे, इथंही लिहिते.

प्रश्न : लग्न होऊन दोन वर्षं झाली. माझं नाव माहेरी गंगाखेड तालुक्यात आहे. सासरचे म्हणतात नवीन फॉर्म भर, माहेरचं आपोआप जाईल. बरोबर आहे का?
— एक वाचक, ता. अहमदपूर, जि. लातूर

नाही, ताई. नमुना ६ हा पहिल्यांदाच नाव लावणाऱ्यासाठी असतो. तुमचं नाव आधीच यादीत आहे, म्हणून तुम्ही नमुना ८ भरायचा. त्यात पत्ता बदलल्याचं लिहायचं, जुन्या कार्डाचा नंबर टाकायचा. तोच अर्ज नाव इकडं आणतो आणि तिकडचं काढतो. नमुना ६ भरलात तर नाव दोन्हीकडे राहील आणि ‘माझं नाव दुसरीकडे कुठंही नाही’ अशी खोटी सही तुमच्या हातून होईल.

अर्ज भरताना स्वतःचं नाव पुरतं लिहा, आधारवर आहे तसंच. हे मी मुद्दाम सांगते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीची यादी बनत होती तेव्हा उत्तरेकडच्या काही राज्यांत असंख्य बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुधारायला वेळ दिला, तरी जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. आपल्याकडं मी फिरायचे तेव्हाही दारात सासरा उभा राहून सांगायचा, “लिहा, आमची सूनबाई.” मी म्हणायची, सूनबाईला बाहेर बोलवा. ती स्वतःच्या तोंडानं नाव सांगेपर्यंत मी लिहायची नाही.

प्रश्न : आमच्या पुस्तकात ‘शासनसंस्था’ असा धडा आहे. पण मला कळत नाही की सरकार म्हणजे नक्की कोण. तलाठी म्हणजे सरकार का? आमचे आजोबा म्हणतात, आमदार म्हणजे सरकार.
— इयत्ता आठवीचा विद्यार्थी, ता. सेलू, जि. परभणी

बाळा, हा प्रश्न मोठ्यांनाही पडायला हवा. तू आधी एक काम कर. सकाळी घरातून शाळेपर्यंत चालत जा आणि वाटेत दिसेल त्या प्रत्येक गोष्टीपाशी थांब.

घरासमोरचा हापसा किंवा नळ ग्रामपंचायतीच्या ताब्यात. तुझी शाळा जिल्हा परिषदेची. विजेचा खांब महावितरणचा, ती राज्य सरकारच्या मालकीची कंपनी. पोस्टाची लाल पेटी दिल्लीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्याची. पोलीस राज्याचे. रेशनच्या गव्हाचा कायदा केंद्राचा, २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा, आणि तो गहू तुझ्या दारापर्यंत पोचवायचं काम राज्याचं. तलाठी राज्याच्या महसूल खात्याचा कर्मचारी, ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. दोघं एकाच इमारतीत शेजारी-शेजारी बसले तरी त्यांचे साहेब वेगळे. आता त्यांची पदनावंही बदललीत, ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी. लोक अजून जुन्या नावानंच हाक मारतात. हे कळलं की तक्रार कुठं न्यायची तेही कळतं. सातबाऱ्यातली चूक घेऊन ग्रामसेवकाकडं चार चकरा मारणारी माणसं मी पाहिलीत.

तुझ्या आजोबांचं अर्धं बरोबर आहे. आमदार कायदे करणाऱ्या सभागृहात बसतो. त्या सभागृहात ज्यांच्या बाजूनं बहुमत, त्यांचं मंत्रिमंडळ बनतं, आणि रोजच्या बोलण्यात आपण त्यालाच सरकार म्हणतो. तलाठी, तहसीलदार, कलेक्टर हे नोकरीतले लोक. निवडणुकीनंतर मंत्री बदलतात, हे आपल्या जागी राहतात. तिसरं न्यायालय, ते सरकारच्या हाताखाली नाही. सरकार चुकलं तर तुझ्यासारख्याचा बाप सरकारवरच खटला घालू शकतो, आणि आपल्याला त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

माझी आजी ‘सरकार’ म्हणायची ते एका माणसाला उद्देशून, निजामाला. सगळा देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. राजा मीर उस्मान अली खान, कारभाराची भाषा उर्दू, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला म्हणायचे अव्वल तालुकदार. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, भारतीय सैन्य आलं आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. तुमच्या शाळेत त्या दिवशी झेंडा लागतो तो यासाठी. त्यानंतर चार वर्षांच्या आत, १९५२ च्या निवडणुकीत, माझ्या आजीनं मत दिलं. अंगठा उठवणारी बाई. तिला कुणी विचारलं नाही की तुझ्याकडं जमीन किती, तू शिकलीस किती. वय एकवीस पुरं झालं होतं, तेवढं पुरलं. मतदानाचं वय १९८९ पासून अठरा झालं.

आजी पुढं म्हातारपणी रस्त्यात खड्डा दिसला की म्हणायची, “आपल्या सरकारनं बुजवाया पायजे.” ते ‘आपल्या’ तिनं तिशीनंतर शिकलेलं होतं. तुझ्या पुस्तकातला धडा मला विचारशील तर त्या एका शब्दात आहे.

प्रश्न : मतदानाला गेलो तर आधीच माझ्या नावावर कुणीतरी मत टाकून गेलेलं. केंद्रावरचे म्हणाले, आता काही होत नाही, जा घरी. खरंच काही होत नव्हतं का?
— एक वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली

होत होतं. तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण केंद्राध्यक्षाच्या प्रशिक्षणात हे प्रत्येक वेळी शिकवतात.

असंच माझ्या केंद्रावर घडलं होतं. दुपारचे चार वाजले असतील. सत्तरीची एक आजी आली. पहिल्या टेबलावरच्या सरांनी यादीत खूण पाहिली आणि म्हणाले, तुमचं मतदान झालंय. आजीनं काही न बोलता डावा हात टेबलावर पालथा ठेवला. भेगाळलेली बोटं, नखांत हळद, तर्जनीवर शाईचा ठिपका नाही. मग म्हणाली, “माह्या नावावर कोन टाकून गेलं ते मला नाई माहीत. मी आत्ता आले.” मतदान प्रतिनिधी कुजबुजायला लागले. मी नियमाप्रमाणं तिला चार प्रश्न विचारले: नवऱ्याचं नाव, घरात कोण-कोण, शेजारी कोण. ओळखपत्र पाहिलं. ती खरी होती.

अशा मतदाराला ‘प्रदत्त मत’ देता येतं. यंत्रावर नाही, कागदाच्या मतपत्रिकेवर. त्या मतपत्रिकेमागं ‘प्रदत्त मतपत्रिका’ असं लिहिलेलं असतं. नमुना १७ ब मध्ये मतदाराची सही किंवा अंगठा घेतात, मग बाणफुलीचा शिक्का देऊन त्याला आडोशाला पाठवतात. घडी केलेली मतपत्रिका पेटीत जात नाही, केंद्राध्यक्षाच्या वेगळ्या लिफाफ्यात जाते. आजीनं चार घड्या घालून ती माझ्या हातात दिली आणि लिफाफा बंद होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

हे मत नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही. निकाल अगदी थोड्या मतांनी लागला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं सांगितलं, तरच तो लिफाफा उघडतात. तरीही आग्रह धरा. तुमच्या नावावर दुसरं कुणी मत टाकलं याची सरकारी कागदावरची ती नोंद असते. एखाद्या केंद्रावर अशा पाच-सहा नोंदी निघाल्या की दुसऱ्या दिवशीच्या छाननीत ते केंद्र नजरेत येतं. कुणीच नोंद केली नाही, तर तिथं सगळं सुरळीत झालं असंच कागद सांगतो.

प्रश्न : ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ला, सगळ्यात जास्त मतं पडली तर काय होतं?
— एक वाचक, नांदेड

लोकसभा-विधानसभेत काही होत नाही. उमेदवारांपैकी ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं नोटाचं बटण आलं, फेरनिवडणूक आली नाही. पण महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत वेगळं आहे. राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये आदेश काढला की, नोटा पहिली आली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. पुन्हाही तेच झालं, तर मात्र नोटानंतरचा उमेदवार निवडून येतो.

इथंच सांगून टाकते, कारण हा घोळ पत्रोपत्री दिसतो. आयोग दोन आहेत. लोकसभा-विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. राज्याचा आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठराविक दिवशीची घेतो आणि प्रभागवार फोडतो. म्हणून विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर सरपंचालाही मत देता येणार नाही.

प्रश्न : आमच्या गावची ग्रामपंचायत ‘बिनविरोध’ करायचं ठरतंय. देवळात बैठक झाली. जो देवळाच्या बांधकामाला जास्त पैसे देईल त्याला सरपंच करायचं, बाकीच्यांनी अर्ज भरायचा नाही. मला उभं राहायचंय. गावाच्या एकीत खोडा घालतो म्हणून सगळे माझ्यावर रागावलेत. मी चुकतोय का?
— एक तरुण, ता. कळंब, जि. धाराशिव

नाही, बाळ. तू चुकत नाहीस.

बिनविरोध निवडणूक स्वतः बेकायदा नाही. सगळ्यांनी बसून, राजीखुशीनं एकाच माणसाचा अर्ज भरला तर निवडणूक अधिकारी त्याला निवडून आल्याचं जाहीर करतो. भांडणं टळतात, खर्च वाचतो, भाऊबंदकी वाढत नाही. अशी गावं मी पाहिलीत आणि मला त्यांचा आदर आहे. पण तुझ्या पत्रात जे आहे तो लिलाव आहे. अर्ज भरू नये किंवा मागं घ्यावा म्हणून पैसा किंवा फायदा देणं ही लाच आहे, मग तो पैसा खिशात जावो की कळसाला. भारतीय न्याय संहितेत निवडणुकीतल्या लाचेला वर्षभरापर्यंत कैद आहे. त्या कायद्यातला ‘निवडणूकविषयक हक्क’ म्हणजे फक्त मत देणं नव्हे. उभं राहणं, न राहणं, अर्ज मागं घेणं, सगळं त्यात येतं. त्यावर धाक घालणं हा वेगळा गुन्हा. उमेदवार अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि त्याला उभं राहू नको म्हणून धमकावलं असेल, तर ॲट्रॉसिटीचं कलम लागतं. जातपंचायतीनं वाळीत टाकायची भाषा केली, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं, आणि राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या पुढं गेली होती. तीही मंदिराच्या नावानंच.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. देवळातल्या त्या बैठकीला किती बायका होत्या? वेशीबाहेरच्या वस्तीवरून किती जण आले होते? ऊसतोडीला गेलेल्यांचं मत कुणी विचारलं? ज्याच्याकडं पैसा नाही त्याला त्या बैठकीत बोलायची जागाच नव्हती. निवडणुकीत त्याच्या मताची किंमत सावकाराच्या मताइतकीच असते, आणि नेमकी तीच लिलावात जाते.

वय एकवीस पुरं असेल, गावच्या यादीत नाव असेल तर अर्ज भर. देवळाच्या वर्गणीत तुझ्या ऐपतीनं वेगळी पावती फाड, म्हणजे देवाला विरोध केला असं कुणी म्हणणार नाही. बैठकीचं कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर जपून ठेव आणि तहसीलदारांकडं लेखी तक्रार देऊन पोच घे. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नकोस.

प्रश्न : आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे. ते बंद करावं म्हणून आम्ही बायकांनी ग्रामसभेत विषय मांडायचं ठरवलं. पण आमच्याकडं महिला सभा कागदावरच होते. शिपाई वही घेऊन घरोघर सह्या घेतो. काय करावं?
— बचत गटातल्या बायका, ता. परतूर, जि. जालना

सगळ्यात आधी त्या वहीवर सही करणं थांबवा. तुम्ही न झालेल्या सभेला हजर होता असं त्या सहीनं ठरतं, आणि सभेत कुठला ठराव घातला हे तुम्हाला कधीच कळत नाही. शिपायाला रागावू नका, त्याला पाठवलेलं असतं. “सभा कुठं आहे, येते मी,” एवढंच म्हणा.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. नेहमीच्या प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तो. यादीत नाव असलेली प्रत्येक बाई ग्रामसभेची सभासद आहे, तिला कुणी बोलावण्याची गरज नाही. मागच्या दोन महिला सभांच्या इतिवृत्ताची आणि हजेरीची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या बाईच्या नावानं अर्ज केला तर तिकीटही लागत नाही. नक्कल हातात आली की तुमच्यातल्या कितीजणींच्या नावापुढं सही आहे आणि त्या दिवशी त्या कुठं होत्या, हे ग्रामसभेत उभं राहून वाचा.

आता दुकान. यासाठी तुमच्या हातात एक वेगळंच मतदान आहे, उभी बाटली-आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या पडताळतो आणि जिल्हाधिकारी मतदान लावतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी. मतदान गुप्त असतं, त्यामुळे घरी नवऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही.

पण जिंकायचं माप नीट समजून घ्या, कारण इथंच बायका हरतात. आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण. समजा यादीत ८०० बायका आहेत. मतदानाला ५०० आल्या आणि त्यातल्या ३९० जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, तरी दुकान चालूच राहतं, कारण ४०१ लागत होत्या. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीकडंच मोजली जाते. यादीत राहिलेली मेलेली म्हातारी उभ्या बाटलीकडं. लग्न होऊन गेलेली, पण नाव अजून माहेरीच असलेली लेक उभ्या बाटलीकडं. ऊसतोडीला गेलेली जाऊ उभ्या बाटलीकडं.

म्हणून मागणीचा अर्ज आज देऊ नका. आधी बीएलओकडून गावची यादी घ्या आणि बचत गटाच्या बैठकीत एकेक नाव मोठ्यानं वाचा. मयत असतील त्यांच्यासाठी नमुना ७, सासरी गेलेल्या लेकींना नमुना ८ भरायला सांगा, नव्या सुना राहिल्या असतील तर त्यांची नावं लावून घ्या, अठरा पुऱ्या झालेल्या पोरींसाठी नमुना ६. वयाची अट धरायच्या तारखा आता वर्षातून चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे वर्षभर थांबावं लागत नाही. यादी साफ झाली की मगच सह्या गोळा करा, आणि कारखान्याला गेलेल्या बायका गावात असतील असा महिना धरा. तुमच्याकडं पट्टा मार्चअखेर पडत असेल तर मतदान उन्हाळ्यात येईल अशा बेतानं अर्ज करा. सह्या २५ टक्क्यांवर थांबवू नका. पडताळणीच्या दिवशी काहीजणींवर घरून दबाव येतो आणि त्या ‘सही माझी नाही’ म्हणतात. चाळीस टक्के गोळा करा.

हातभट्टीसाठी मात्र हे मतदान लागत नाही. ती मुळातच बेकायदा आहे, तिची तक्रार पोलीस ठाण्यात आणि उत्पादन शुल्क खात्याकडं आजच्या आज द्या. दोन्ही कामं एकाच अर्जात लिहू नका.

यादी वाचून झाली की नावं किती निघाली, किती लागली, ते मला कळवा. परतूरच्या बाजूला मी उन्हाळ्यात येणार आहे, बैठक ठेवलीत तर नमुन्यांचे कोरे अर्ज घेऊन येईन.